मोम्बासाला उतरणाऱ्यांसाठी

केनियाच्या सहलीची जाहिरात उघडली की मुक्कामांचा क्रम जवळपास ठरलेला असतो. नैरोबी, नाकुरूचं सरोवर, मसाई मारा, वेळ आणि पैसे असतील तर अंबोसेली, आणि सगळ्यात शेवटी 'मोम्बासा, दोन रात्री, समुद्रकिनाऱ्यावर विश्रांती'. ही विश्रांती घ्यायची ती शहराच्या उत्तरेला न्याली-बांबुरीच्या, नाहीतर दक्षिणेला डियानीच्या रिसॉर्टात. सिंह-हत्ती पाहून दमलेला माणूस तिथे आरामखुर्चीत पडून राहतो, परतीच्या वाटेवर मोई अव्हेन्यूवरच्या त्या सुप्रसिद्ध हस्तिदंती कमानींचा गाडीतूनच फोटो काढतो (त्या अॅल्युमिनियमच्या आहेत, आणि १९५०च्या दशकात ब्रिटिश राजघराण्याच्या स्वागतासाठी उभारल्या गेल्या) आणि घरी येऊन मोम्बासा पाहिल्याचं सांगतो. त्याने पाहिलेली असते ती मोम्बासाच्या शेजारची वाळू.

मोम्बासावरचं हे पुस्तक त्या दोन रात्रींशी भांडण काढतं, म्हणून मला ते आवडलं. लेखिकेचा आग्रह साधा आहे. आधी बेट, मग किनारा. आणि बेट पाहायचं ते पायी.

मोम्बासा हे प्रवाळखडकाचं बेट आहे, ही गोष्ट नकाशा हातात घेतल्याशिवाय कित्येकांच्या ध्यानात येत नाही. पश्चिमेला मकुपापाशी ते मुख्य भूमीला जोडलेलं आहे, उत्तरेला १९८० साली झालेला न्यालीचा पूल आहे, आणि दक्षिणेला लिकोनीला जायला फेरीबोट आहे. बेटाच्या दोन अंगांना दोन बंदरं. पूर्वेचं जुनं, उथळ, शिडाच्या गलबतांचं. पश्चिमेचं किलिंडिनी, खोल पाण्याचं, जिथल्या क्रेन लांबूनही दिसतात. युगांडा, रवांडा, दक्षिण सुदान यांसारख्या समुद्र नसलेल्या देशांचा माल किलिंडिनीत उतरतो. जुन्या बंदरात आता फारसं काही उतरत नाही. पण शहर घडलं ते तिथे, आणि ते घडवलं वाऱ्यांनी.

ईशान्येकडून येणाऱ्या वाऱ्याला तिथे कास्काझी म्हणतात, नैर्ऋत्य मोसमी पावसाआधी आणि पावसाबरोबर दक्षिणेकडून वाहणाऱ्या वाऱ्याला कुसी. साधारण नोव्हेंबर ते मार्च कास्काझी, एप्रिलपासून पुढे कुसी. कच्छची, ओमानची, इराणी आखाताची गलबतं पहिल्या वाऱ्यावर आफ्रिकेला यायची आणि दुसऱ्या वाऱ्यावर घरी परतायची. मधले महिने बंदरात काढायचे. त्या महिन्यांत व्यापार व्हायचा, उधाऱ्या व्हायच्या, लग्नंही व्हायची. किनाऱ्यावरच्या बांटू भाषा बोलणाऱ्या लोकांत अरबस्तानचा, इराणचा, हिंदुस्थानचा हात मिसळत गेला, पण मूळ पीठ आफ्रिकेचंच राहिलं. कोकणातल्या ज्या वाचकाला नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात का घालत नाहीत हे कुणी समजावून सांगावं लागत नाही, त्याला मोम्बासाचा इतिहास कळायला अर्धा तास पुरेल.

१३३१ साली इब्न बतूता इथे थांबला होता. लाकडी मशिदी, लोकांची धर्मनिष्ठा, केळी, लिंबं आणि मासे यांची त्याने नोंद केली; धान्य बेटावर पिकत नाही, बाहेरून येतं, हेही लिहून ठेवलं. ऑलिव्हसारखं दिसणारं पण फार गोड असं एक फळही त्याने तिथे खाल्लं आणि त्याचं नाव दिलं आहे ते 'जम्मून'. आपल्या जांभळाने वास्को द गामाच्या कितीतरी आधी समुद्र ओलांडला होता, असा याचा अर्थ मी लावतो.

वास्को द गामा एप्रिल १४९८ मध्ये आला. मोम्बासाने त्याचं स्वागत केलं नाही. ते केलं उत्तरेच्या मालिंदीने, मोम्बासाशी हाडवैर असलेल्या गावाने, आणि कालिकतची वाट दाखवणारा वाटाड्याही तिथूनच मिळाला. पुढे शंभर वर्षं पोर्तुगीज या बेटावर पुन्हापुन्हा चालून आले, त्यांनी ते जाळलं, लुटलं, आणि अखेर १५९३ ते १५९६ या काळात जुन्या बंदराच्या तोंडाशी फोर्ट जीझस बांधला. आराखडा जोवान्नी बात्तिस्ता कैराती या इटालियन वास्तुविशारदाचा. पोर्तुगीजांच्या हिंदुस्थानातल्या कामांसाठी नेमलेला हा माणूस गोव्यात राहिला आणि १५९६ सालीच गोव्यात वारला. वरून पाहिलं तर किल्ल्याचा आकार हातपाय पसरून उताण्या झोपलेल्या माणसासारखा दिसतो. २०११ पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे.

मराठी वाचकाने या किल्ल्यात दोन घटका जास्त थांबावं, याला कारण आहे. मार्च १६९६ मध्ये ओमानच्या अरबांनी किल्ल्याला वेढा घातला. तो डिसेंबर १६९८ पर्यंत चालला. आतली माणसं तोफांपेक्षा रोगराईने जास्त मेली. मदत यायची ती गोव्याहून, वाऱ्याच्या मर्जीने. अशाच मदतीला 'सांतो अंतोनियो द तान्ना' नावाची युद्धनौका आली आणि १६९७ साली किल्ल्याच्या पायथ्याशी बुडाली. ही नौका बांधलेली होती वसईला, आणि नावातलं 'तान्ना' म्हणजे आपलं ठाणं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनी तळाशी तिचं उत्खनन केलं, आणि तिच्यातल्या वस्तू आज किल्ल्यातल्या संग्रहालयात मांडलेल्या आहेत. ठाण्याच्या नावाचं, वसईच्या गोदीतलं जहाज तीन शतकं मोम्बासाच्या चिखलात पडून होतं, ही गोष्ट वसई-ठाण्याच्या किती लोकांना माहीत असेल? १६९८ साली किल्ला पडल्यावर काही दिवसांनी गोव्याहून आणखी एक आरमार पोचलं, आणि तटावर ओमानचं निशाण पाहून आलं तसं माघारी गेलं. पोर्तुगीजांनी १७२८ मध्ये किल्ला पुन्हा घेतला, पण पुढच्याच वर्षी कायमचा घालवला. त्यानंतर दहा वर्षांनी चिमाजी अप्पांनी वसई घेतली. दोन समुद्रकिनारे, एकच सत्ता, एकाच दशकात आलेली उतरती कळा. शाळेत आपण वसईचा वेढा शिकतो, मोम्बासाचा शिकत नाही. एकत्र शिकलो असतो तर दोन्ही जास्त कळले असते.

किल्ल्यात आणखी एक गोष्ट चुकवू नका. एका भिंतीवर पोर्तुगीज शिपायांनी काजळीने आणि गेरूने काढलेली चित्रं जपून ठेवलेली आहेत. गलबतं, चर्च, माणसं. चित्रकला यथातथाच, पण शिडांचे दोर मात्र एकेक मोजून काढलेले. घरी न्यायला येणाऱ्या जहाजाची वाट पाहणारा माणूसच इतके दोर काढील.

दुसरा मराठी धागा याहून हृदयाजवळचा आहे, आणि या पुस्तकाने त्याला स्वतंत्र प्रकरण दिलं याबद्दल लेखिकेचे आभार मानले पाहिजेत. एकोणिसाव्या शतकात गुलामांची वाहतूक करणारी गलबतं ब्रिटिश नौदल समुद्रात अडवायचं. सुटका झालेल्या आफ्रिकी मुलांपैकी बरीचशी मुंबईला आणली जात. त्यांतली काही नाशिकजवळच्या शरणपूर इथल्या मिशनकडे पाठवली गेली. गोदावरीकाठी ती लिहायला-वाचायला, सुतारकाम-लोहारकाम करायला शिकली. पुढे त्यांतले काहीजण आफ्रिकेला परतले आणि इतिहासात 'बॉम्बे आफ्रिकन्स' या नावाने ओळखले गेले. विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर ही त्यांतली नावं. १८६४च्या सुमारास ते मोम्बासाजवळच्या राबाई मिशनवर काम करू लागले. १८७३ साली शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्याचं शव शेकडो कोस पायी किनाऱ्यावर आणणाऱ्यांत नाशिकला शिकलेली मुलं होती. त्यांतला जेकब वेनराइट शवाबरोबर लंडनला गेला आणि वेस्टमिन्स्टर अॅबीतल्या अंत्यविधीत शवपेटीला खांदा देण्याचा मान त्यालाही मिळाला. मॅथ्यू वेलिंग्टन हा दुसरा. तो मोम्बासातच म्हातारा झाला आणि १९३५ साली वारला.

१८७५ मध्ये सुटका झालेल्या गुलामांसाठी बेटासमोर, आजच्या न्यालीच्या बाजूला वसाहत स्थापन झाली, तिचं नाव फ्रिअर टाउन. फ्रिअर म्हणजे तेच बार्टल फ्रिअर, ज्यांच्या गव्हर्नरपदाच्या काळात मुंबईच्या कोटाचा तट पाडला गेला. गुलामांची गलबतं दिसली तर धोक्याचा इशारा देण्यासाठी टांगलेली घंटा तिथे अजून आहे. भोवती रिक्षा, टेम्पो आणि मोटारसायकलींची एवढी गर्दी असते की पर्यटकांच्या गाड्या तिच्यापाशी थांबत नाहीत. नाशिकच्या माणसाने तरी थांबायला हवं.

तिसरा भारतीय धागा रेल्वेचा, आणि तो सगळ्यांना माहीत असल्यामुळे त्यावर मी फार लिहीत नाही. १८९६ साली मोम्बासापासून सुरू होऊन १९०१ मध्ये व्हिक्टोरिया सरोवराला पोचलेल्या या लोहमार्गासाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, तीसेक हजार मजूर नेले गेले. सुमारे अडीच हजार मेले. त्सावोच्या दोन नरभक्षक सिंहांची गोष्ट जगाने डोक्यावर घेतली. तापाने आणि हगवणीने त्यांच्या कितीतरी पट माणसं नेली, त्यांच्यावर सिनेमा निघाला नाही. या काळात तिथे रुपया चालत होता, तो १९२० पर्यंत चालला. सुरुवातीची काही टपाल तिकिटंसुद्धा हिंदुस्थानचीच, वर 'ब्रिटिश ईस्ट आफ्रिका' असा छाप मारलेली.

इथे मला लेखिकेच्याच एका इशाऱ्याला दुजोरा द्यायचा आहे. मोम्बासात भारतीय माणसाला पावलोपावली ओळखीचं काहीतरी भेटतं. लांगोनी रस्त्यावरचं पांढऱ्या संगमरवराचं जैन मंदिर, स्वामिनारायण मंदिर, बोहऱ्यांची मशीद, गुजराती पाट्या, गोवेकरांनी एके काळी चालवलेल्या शिंपीकामाच्या दुकानांच्या आठवणी. रस्त्यातली तीनचाकी टुकटुक बजाजची नाहीतर पियाजिओची, म्हणजे बहुधा वाळूजहून नाहीतर बारामतीहून आलेली. हे सगळं पाहून ऊर भरून येतो, आणि मग पर्यटक फक्त तेवढंच पाहतो. यजमानाच्या घरी जाऊन भिंतीवर आपलाच फोटो शोधत बसावं, तसं हे होतं. मोम्बासा हे स्वाहिली शहर आहे. भारतीय त्यातले एक जुने आणि महत्त्वाचे शेजारी आहेत. २०१७ साली केनिया सरकारने आशियाई वंशाच्या नागरिकांना देशातली ४४वी जमात म्हणून मान्यताही दिली. पण घर स्वाहिली लोकांचं.

ते घर पाहायचं तर सकाळी लवकर जुन्या गावात, म्हणजे ओल्ड टाउनमध्ये शिरा. किल्ल्यापासून एनडिया कू ही मुख्य गल्ली निघते. घरांच्या भिंती प्रवाळाच्या, चुन्याने लिंपलेल्या, वरच्या मजल्यांना लाकडी कोरीव सज्जे, दरवाजे पाहण्यासारखे. काही घरं निगुतीने राखलेली, काहींच्या सज्ज्यांना टेकू लावलेले, काही पडून तिथे सिमेंटचे मजले उठलेले. हे दृश्य आपल्या कुठल्याही जुन्या पेठेतल्यासारखंच आहे, तेव्हा नाक मुरडू नये. मांधरी मशीद १५७०च्या सुमाराची मानतात. तिचा उभट, शंकूसारखा मिनार बाहेरून पाहता येतो. संध्याकाळी कॉफीवाले बसतात. पितळेच्या लांब मानेच्या भांड्याखाली निखारे, शेजारी बादलीत छोटे, बिनकानाचे पेले. कॉफी काळी आणि कडू, साखरेचं नाव नाही. बरोबर हलव्याचा किंवा खोबऱ्याच्या वडीचा तुकडा. बाकावर बसायला जागा दिली जाते. बसावं, लगेच फोन बाहेर काढू नये.

बियाशारा रस्त्यावर कांगा घेतल्याशिवाय बायका परतणार नाहीत, आणि पुरुषांनीही परतू नये. कांगा म्हणजे जोडकापड, चारी बाजूंनी काठ, मध्ये नक्षी आणि खालच्या काठाच्या वर छापलेलं स्वाहिली वचन. रंग आवडला म्हणून घेऊ नका. आधी वचन वाचून घ्या. शेजारणीला टोमणा, सवतीला इशारा, आईला कृतज्ञता, देवाला आळवणी, यांपैकी काहीही त्यावर असू शकतं, आणि सासूबाईंसाठी नेलेल्या कांग्यावर भलतंच निघालं तर जबाबदारी तुमची. दुकानदार हसत हसत अर्थ सांगतात.

खाण्याच्या प्रकरणात लेखिका रमली आहे आणि वाचकही रमेल. सकाळच्या न्याहारीला म्बाझी आणि महामरी. म्बाझी म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेली तूर, अख्खी. महामरी म्हणजे वेलची घातलेली, फुगीर, त्रिकोणी पुरी. मराठी जिभेला तूर नवी नाही, पण ती इतकी मऊसूत आणि गोडसर होऊ शकते हे नवीन आहे. वियाझी काराई म्हणजे पिठात बुडवून तळलेला बटाटा, चिंचेच्या चटणीबरोबर. संध्याकाळी दीपगृहाजवळ, मामा एन्गिना रस्त्यावर समुद्राकडे तोंड करून गोरखचिंचेच्या जुनाट, ढोल्या झाडांखाली अख्खं शहर बसलेलं असतं. तिथे कसाव्याचे पातळ काप कढईत तळून, वर लिंबू पिळून, तिखट भुरभुरून कागदात देतात. उपासाचा साबुदाणा याच कंदापासून होतो, त्यामुळे चतुर्थीला ते खावेत की नाही यावर कुटुंबात वाद होऊ शकतो. माझं मत, खावेत. लाल पाकात घोळवलेल्या गोरखचिंचेच्या बिया, म्हणजे मबुयू, मुलांसाठी घ्या आणि मग त्यांची बोटं धुवायला पाणी जवळ ठेवा.

डियानीच्या किनाऱ्याला पुस्तकात दिलेली पानं मला जरा जास्त वाटली. वाळू सगळीकडे वाळूच. त्याऐवजी बांबुरीच्या हॉलर पार्कला आणखी दोन पानं दिली असती तर बरं झालं असतं. सिमेंटसाठी प्रवाळखडक खणून काढलेली ही खाण. जमीन उघडी, खारट, गवताचं पातंही नाही. १९७१च्या सुमारास रने हॉलर या कृषितज्ज्ञाने इथे झाडं लावायला घेतली. टिकलं ते सुरू, आपल्या कोकणच्या पुळणीवरचंच. पण त्याच्या गळलेल्या सुयांमध्ये टॅनिन, त्या कुजेनात. मग त्याने वाणी किडे आणून सोडले, हात लावला की गुंडाळी करून पडणारे. त्यांनी सुया खाल्ल्या, विष्ठेची माती झाली, मातीत दुसरी झाडं उगवली. आज तिथे जंगल आहे, जिराफ आहेत. बांधकामांसाठी डोंगर पोखरून झालेल्या आपल्याकडच्या खाणींच्या मालकांना ही सहल सक्तीची करावी.

काही गोष्टी गोड नाहीत, आणि लेखिकेने त्या लपवलेल्या नाहीत. चीनच्या कर्जातून बांधलेली नैरोबी-मोम्बासा रेल्वे २०१७ मध्ये सुरू झाली. प्रवाशाला ती सोयीची आहे; पाचेक तासांत पोचवते आणि त्सावोतून जाताना खिडकीतून हत्ती दिसतात. मात्र नवं स्थानक बेटावर नाही, मिरितिनीला आहे, तिथून शहरात यायला वेळ धरा. आणि बंदरातले कंटेनर सक्तीने रेल्वेने नैरोबीला पाठवण्याच्या धोरणाने मोम्बासाच्या ट्रकवाल्यांचा, गोदामवाल्यांचा, कस्टम दलालांचा धंदा बसवला होता. लोक रस्त्यावर आले. २०२२ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी हे काम बंदरात परत आणायचा आदेश दिला. टॅक्सीवाला या विषयावर बोलू लागला तर ऐका, शहर कसं जगतं ते कळेल. अंधार पडल्यावर जुन्या गावाच्या निर्जन गल्ल्यांत एकटं फिरू नका. लिकोनीच्या फेरीत पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत आणि शहराची खरी गर्दी तिथेच दिसते, पण खिसा सांभाळा आणि कॅमेरा बंद ठेवा. तिथे छायाचित्रणाला मनाई आहे. जुन्या गावात खांदे-गुडघे झाकलेले असावेत. रमझानमध्ये दिवसा बऱ्याच खानावळी बंद असतात, त्याची भरपाई सूर्यास्तानंतर दामदुपटीने होते.

घड्याळाचा घोळ आधीच समजून घ्या. केनियाची वेळ आपल्या अडीच तास मागे, हे झालं फोनमधलं घड्याळ. स्वाहिली घड्याळ मात्र सूर्योदयापासून सुरू होतं. सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. नावाड्याने स्वाहिलीत 'तीन वाजता' म्हटलं तर तो सकाळी नऊला येणार. सहा तास मिळवायचे, एवढं लक्षात ठेवलं की झालं. वडीलधाऱ्यांना 'शिकामो' म्हणा. ते 'मराहबा' म्हणतील आणि त्यानंतर भाव निम्म्यावर आला नाही तरी चहा नक्की येईल.

डिसेंबर ते मार्च किंवा जुलै ते सप्टेंबर हे जायचे महिने. एप्रिल-मेमध्ये मोठा पाऊस असतो. केनियात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून कडक बंदी आहे, तेव्हा बॅग भरताना चिवड्या-लाडवांच्या पिशव्या काढून डबे घ्या. प्रवासाची परवानगी आता आधी ऑनलाइन काढावी लागते. आणि पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी टोचून घ्या, दाखला पासपोर्टबरोबर ठेवा. परतताना तो भारतातल्या विमानतळावर मागतात, आणि नसेल तर काही दिवस विलगीकरणात काढावे लागू शकतात.